छोट्या युनिटने एक्सपोर्ट कसा सुरू करायचा: पहिल्या चौकशीपासून दुसऱ्या ऑर्डरपर्यंत

रबाळे, महापे, तुर्भे, तळोजा, वागळे इस्टेट या पट्ट्यातल्या छोट्या कारखानदारांबरोबर माझं रोजचं काम असतं, कोटेशन, एक्सपोर्टची कागदपत्रं, बँकेचा फॉलोअप असं सगळं बघतो, आणि नवीन माणूस भेटला की पहिला प्रश्न ठरलेला, "आयईसी काढायचाय, काय काय लागेल?" आयईसी म्हणजे एक्सपोर्ट-इम्पोर्टसाठी लागणारा कोड नंबर, तो निघतो हो, ५०० रुपये फी आहे, डीजीएफटीच्या (परदेशी व्यापाराचं सरकारी खातं) साइटवर घरबसल्या निघतो. पण आयईसी काढून वर्षानुवर्षं एकही शिपमेंट न केलेली युनिटं आपल्याच गाळ्यांच्या रांगेत सापडतील, म्हणून इथे क्रम थोडा बदललाय, आधी माल आणि गिऱ्हाईक, मग कागद. आणि माझं ठाम मत आहे की पहिल्या ऑर्डरने कंपनी वाढत नाही, ती दुसऱ्या-तिसऱ्या ऑर्डरने वाढते, त्यामुळे पहिली ऑर्डर घेतानाच प्रत्येक गोष्ट या हिशोबाने ठरवायची की हा बायर परत येईल का.

आपल्याला जागेचा फायदा फार मोठा आहे आणि आपण तो गृहीत धरतो. वागळे इस्टेट म्हणजे एमआयडीसीची सुरुवातच तिथली, १९६२ ची. न्हावा शेवा बंदर मे १९८९ मध्ये सुरू झालं आणि २०२४-२५ मध्ये तिथून ७० लाखांच्या वर टीईयू कंटेनर हाताळले गेले, टीईयू म्हणजे वीस फुटी कंटेनरच्या हिशोबाने मोजणी. लुधियाना किंवा कानपूरच्या कारखानदाराचा माल इथवर यायलाच कित्येक दिवस जातात, आणि रबाळ्यातून सकाळी निघालेला टेम्पो दुपारी द्रोणागिरीच्या सीएफएसला, म्हणजे बंदराजवळच्या कंटेनर भरायच्या गोदामाला, लागलेला असतो. काही गडबड झाली तर आपला माणूस गाडी काढून तासाभरात तिथे पोचू शकतो, नवीन एक्सपोर्टरला याच्याएवढा आधार दुसरा नाही. आता ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटनही झालंय.

एक्सपोर्टने नेमकं वाढतं काय

लोकांना वाटतं डॉलरमध्ये भाव जास्त मिळतो म्हणून वाढ होते. कधी मिळतो, कधी अजिबात मिळत नाही. खरी वाढ दुसरीकडून येते. लोकल मार्केटला आपण वीस गिऱ्हाइकांना वीस साइजचे थोडे थोडे नग देतो, दर दोन तासांनी मशीनचं सेटिंग बदलतं. एक्सपोर्टचा बायर एकच साइज पाच हजार नग मागतो, सेटिंग एकदाच, स्क्रॅप कमी, नगामागचा खर्च खाली. शिवाय इथे दिवाळीनंतर किंवा पावसाळ्यात ऑर्डरी थंड असतात तेव्हा तिकडची ऑर्डर मशीन चालू ठेवते. आणि बाहेरचा बायर टेस्ट सर्टिफिकेट, बॅच नंबर, इन्स्पेक्शन रिपोर्ट मागतो म्हणून या सवयी शॉप फ्लोअरवर लागतात, मग पुढे इथल्या मोठ्या कंपनीचं व्हेंडर ऑडिट आलं तर घाम फुटत नाही.

अजून एक गोष्ट खूप जणांना माहीतच नसते. उद्यम रजिस्ट्रेशनमध्ये सूक्ष्म, लघु, मध्यम ठरवताना जी उलाढाल धरतात त्यातून एक्सपोर्टची उलाढाल वजा करतात. एप्रिल २०२५ पासून सूक्ष्मची उलाढालीची मर्यादा १० कोटी, लघुची १०० कोटी आणि मध्यमची ५०० कोटी आहे, म्हणजे समजा तुमची एकूण विक्री १३ कोटी आणि त्यातली ४ कोटी एक्सपोर्ट, तर उलाढालीच्या बाजूने तुम्ही सूक्ष्मच राहता (गुंतवणुकीची मर्यादा वेगळी बघायची). वाढलो तर सवलती जातील म्हणून जी भीती असते, ती एक्सपोर्टच्या बाबतीत धरायचं कारण नाही.

पायरी १: एक माल, एक देश

तुमच्या कॅटलॉगमध्ये चाळीस वस्तू असतील, त्यातली एकच निवडा. कुठली? जिच्यात तुमचं रिजेक्शन सगळ्यात कमी आहे आणि जी तुम्ही डोळे मिटून बनवू शकता ती. सगळ्यात महाग वस्तू निवडायचा मोह होतो, तो टाळा.

मग तिचा एचएस कोड, म्हणजे कस्टममध्ये मालाची ओळख सांगणारा नंबर, पक्का करा. पहिले सहा आकडे जगभर सारखे असतात, भारतात पुढे दोन लावून आठ करतात. उदाहरणार्थ लोखंड-स्टीलच्या पाइप फिटिंग ७३०७ खाली येतात आणि त्यात स्टेनलेस स्टीलचे फ्लँज ७३०७२१ मध्ये. हा कोड हातात आला की ट्रेड मॅप नावाची साइट आहे, इंटरनॅशनल ट्रेड सेंटरची, तिथे तो टाकून बघता येतं की कुठला देश हा माल किती घेतो, कोणाकडून घेतो, आणि भारताकडून घेतो का. भारताकडून आधीच थोडा माल घेणारा देश नवीन माणसाला सोपा जातो, तिथल्या बायरला आपल्या मालाची आणि आपल्या बंदराची ओळख असते.

देश निवडताना ट्रेड ॲग्रीमेंट बघा. यूएईबरोबरचा करार १ मे २०२२ पासून लागू आहे, ऑस्ट्रेलियाबरोबरचा २९ डिसेंबर २०२२ पासून, आणि स्वित्झर्लंड-नॉर्वे वगैरे ईएफटीए देशांबरोबरचा १ ऑक्टोबर २०२५ पासून. यूएईत साधारण ५ टक्के ड्युटी असते, करारात बसणाऱ्या मालावर सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन (माल कुठल्या देशात बनला त्याचा दाखला) दिलं की ती वाचते, आणि ज्या धंद्यात मार्जिनच आठ-दहा टक्के आहे तिथे बायरसाठी पाच टक्के म्हणजे फार मोठी गोष्ट. याउलट एकाच देशावर सगळं अवलंबून ठेवलं की काय होतं ते ऑगस्ट २०२५ मध्ये दिसलं, अमेरिकेने भारतातल्या बऱ्याच मालावर कर एकूण ५० टक्क्यांपर्यंत नेला आणि ज्यांचं सगळं एक्सपोर्ट तिकडेच होतं त्यांच्या ऑर्डरी होल्डवर गेल्या. म्हणून सुरुवात एका देशाने, पण वर्षभरात दुसऱ्या देशाचा अभ्यास सुरू झालेला असायला हवा.

त्या देशाचे नियम आत्ताच बघा, ऑर्डर आल्यावर बघायचे नसतात. युरोपला ज्या मशिनरी, इलेक्ट्रिकल वस्तू सीई मार्किंगच्या (युरोपच्या सुरक्षा नियमांत बसल्याची खूण) कक्षेत येतात त्यांना ते लागतं, केमिकलवाल्यांना रीच नावाचे युरोपचे नियम आहेत, अमेरिकेला खाण्याच्या वस्तू पाठवायच्या तर तिथल्या एफडीएकडे (अन्न-औषध खातं) फॅसिलिटी रजिस्ट्रेशन लागतं. वाशी मार्केटच्या आसपास मसाले, कडधान्य, फळं यात असलेल्यांनी स्पायसेस बोर्ड आणि अपेडाचं (शेतमालाच्या एक्सपोर्टची सरकारी संस्था) काय लागतं ते आधी विचारावं, अपेडाचं ऑफिस वाशीतच आहे, फोनवर अर्धवट ऐकण्यापेक्षा जाऊन बसा. हापूसवाल्यांना माहीत असेल, अमेरिकेला जाणारा आंबा इरॅडिएशन (किडीसाठी किरणांचा मारा) करूनच जातो आणि त्याची पणन मंडळाची सोयही वाशीतच आहे.

मशीनच्या पार्टवाल्यांनी स्टँडर्ड नीट विचारा. फ्लँजचंच घ्या, अमेरिकन पद्धतीने एएसएमई बी १६.५ आणि युरोपियन पद्धतीने ईएन १०९२, दोन्ही फ्लँज, पण होलचं अंतर वेगळं, जाडी वेगळी. चौकशीच्या मेलमध्ये बायरने नुसतं "फ्लँज चार इंच" लिहिलं असेल तर कोट करायच्या आधी ड्रॉइंग मागवा. ड्रॉइंग मागणारा सप्लायर बायरला आवडतो, हे मी अनेकदा बघितलंय.

पायरी २: बायर शोधणे

इथे सगळ्यात जास्त वेळ जातो आणि इथे शॉर्टकट विकणारेही सगळ्यात जास्त भेटतात. "पाच हजार बायरची लिस्ट" विकत घेऊन मेल पाठवत बसू नका, तीच लिस्ट शंभर जणांनी घेतलेली असते.

काय चालतं ते सांगतो. एक, एक्सपोर्ट प्रमोशन कौन्सिल. इंजिनिअरिंगसाठी ईईपीसी, केमिकलसाठी केमेक्सिल, प्लॅस्टिकसाठी प्लेक्सकॉन्सिल, आणि सगळ्यांसाठी फिओ. यांची मेंबरशिप म्हणजेच आरसीएमसी, ती पुढे सवलतींसाठीही लागते, पण त्याहून कामाची गोष्ट म्हणजे हे लोक परदेशी प्रदर्शनात ग्रुप स्टॉल घेतात, बायर-सेलर मीट करतात, त्यात छोट्याला परवडेल अशी जागा मिळते. दोन, आपल्या आसपासचे लोक. वागळेला टीसा आहे, रबाळ्याला टीबीआयए आहे, या कारखानदारांच्या संघटना, तिथे जाणं-येणं ठेवा, तुमच्याच लायनीत दहा वर्षं एक्सपोर्ट करणारा माणूस तिथे चहाला भेटतो आणि तो जे सांगेल ते कुठल्या कोर्समध्ये नसतं. तीन, डीजीएफटीचा ट्रेड कनेक्ट नावाचा प्लॅटफॉर्म २०२४ मध्ये सुरू झालाय, तिथे देशवार माहिती आणि आपल्या दूतावासांशी संपर्काची सोय आहे.

आणि चौथा रस्ता, जो खूप जण कमीपणाचा समजतात पण मला स्वतःला नवीन युनिटसाठी फार पटतो: मर्चंट एक्सपोर्टरमार्फत सुरुवात. मस्जिद बंदर, अंधेरी, वाशी इथे असे ट्रेडर भरपूर आहेत ज्यांच्याकडे बायर आहे पण कारखाना नाही. तुम्ही त्यांना माल द्यायचा, ते एक्सपोर्ट करणार. ठरलेल्या अटी पाळल्या तर असा माल ०.१ टक्का जीएसटीवर देता येतो, अट मुख्य म्हणजे तुमच्या बिलापासून ९० दिवसांत माल बाहेर गेला पाहिजे. मार्जिन कमी मिळतं हे खरं, पण एक्सपोर्टचं पॅकिंग, क्वालिटी, डेडलाइन काय असते ते पैसे अडकवून न घेता शिकायला मिळतं.

मेल पाठवताना छोटा पाठवा. आम्ही काय बनवतो, कुठल्या स्टँडर्डचं, महिन्याला किती, कुठल्या बंदरातून, आणि दोन फोटो जे तुमच्याच गाळ्यात काढलेत. गुगलवरून उचललेला फोटो बायरला लगेच कळतो. उत्तर आलं तर त्याच दिवशी रिप्लाय द्या, पूर्ण माहिती नसेल तर "गुरुवारपर्यंत देतो" एवढं लिहा आणि गुरुवारी द्या.

पायरी ३: कागद, आता काढा

पॅन, जीएसटी, करंट अकाउंट हे असणारच. त्यावर आयईसी, तो पॅनवरच असतो. मग बँकेकडून एडी कोडचं (फॉरेक्स करणाऱ्या बँकेचा नंबर) लेटर घ्यायचं आणि तो आइसगेटवर, म्हणजे कस्टमच्या पोर्टलवर, नोंदवायचा, कस्टमला कळायला हवं की या एक्सपोर्टचे पैसे कुठल्या बँकेत येणार. ब्रँचमध्ये फॉरेक्सचं कळणारा माणूस आहे का ते आधी बघा, नसेल तर जवळच्या फॉरेक्स ब्रँचला अकाउंट जोडून घ्या, नाहीतर प्रत्येक कागदाला तुम्हीच बँकेला शिकवत बसाल. एक्सपोर्ट जीएसटीत झिरो रेटेड आहे, दोन पर्याय, एलयूटी (हमीपत्र) भरून टॅक्स न लावता पाठवायचं, किंवा आयजीएसटी भरून रिफंड घ्यायचा. बहुतेकांना एलयूटीच बरी पडते कारण पैसे अडकत नाहीत. सॉफ्टवेअर, डिझाइन अशी सर्व्हिस देणाऱ्यांना, महापे-ऐरोलीत असे खूप आहेत, शिपिंग बिल (कस्टमला द्यायचा एक्सपोर्टचा फॉर्म) नसतं, सॉफ्टवेअरसाठी सॉफ्टेक्स फॉर्म असतो, त्यांनी आपल्या सीएशी वेगळं बोलावं, इथलं पुढचं बरंच वस्तूंबद्दल आहे.

पायरी ४: कॉस्टिंग, इथे घाई करू नका

सगळ्यात जास्त युनिटं इथेच मार खातात. फॅक्टरीचा भाव भागिले डॉलरचा रेट, झालं कोटेशन, असं करतात. एक उदाहरण घेतो, आकडे फक्त हिशोब समजावा म्हणून. समजा माल तुमच्या गेटवर ४,००,००० रुपयांचा. पॅलेट, स्ट्रॅपिंग, गंज लागू नये म्हणून व्हीसीआय पेपर वगैरे ९,०००. सीएफएसपर्यंतचा टेम्पो ७,०००. सीएचए (कस्टमचं काम करणारा एजंट) आणि सीएफएसचे चार्जेस १५,०००. बीएल (जहाज कंपनीची माल घेतल्याची पावती) आणि शिपिंग लाइन किंवा फॉरवर्डरचे लोकल चार्जेस ६,०००. बँक चार्जेस ४,०००. कुरिअर, सर्टिफिकेट, इतर ३,०००. हे झाले ४४,०००, म्हणजे गेटच्या भावाच्या ११ टक्के. एफओबी न्हावा शेवा, म्हणजे माल जहाजावर चढेपर्यंतचा भाव, ४,४४,०००. डॉलर ९० धरला तर ४,९३३ डॉलर. आता पैसे येईपर्यंत डॉलर एक रुपयाने खाली आला तर साधारण ४,९०० रुपये गेले, दोन रुपयाने आला तर त्याच्या दुप्पट. म्हणून कोटेशनवर व्हॅलिडिटी लिहा, पंधरा दिवस किंवा तीस दिवस, आणि स्टील-ब्रासवाल्यांनी तर सातच दिवस. ऑर्डर मोठी असेल तर बँकेत फॉरवर्ड कॉन्ट्रॅक्टने रेट बांधून घेता येतो.

ड्रॉबॅक आणि रोडटेप या मालावर आधी लागलेले कर परत देणाऱ्या सरकारी योजना, त्यातून थोडे पैसे परत येतात. रोडटेप १ जानेवारी २०२१ पासून आहे, ते रोख येत नाही, क्रेडिट म्हणून आइसगेटच्या लेजरमध्ये जमा होतं, ते विकता येतं किंवा इम्पोर्ट ड्युटीत वापरता येतं. पण शिपिंग बिलमध्येच तसं डिक्लेअर करावं लागतं, सीएचएला आठवण करा. माझा सल्ला असा की पहिल्या कोटेशनमध्ये हे पैसे भावातून वजा करू नका, रेट बदलत असतात, आले तर तुमचे.

कुठल्या टर्मवर कोट करायचं? इन्कोटर्म्स (विकणाऱ्या-घेणाऱ्यात खर्च आणि जबाबदारी वाटायच्या ठरलेल्या अटी) २०२० मध्ये एकूण ११ टर्म्स आहेत, त्यातल्या सुरुवातीला तीन-चारच कामाच्या. एक्स-वर्क्स (माल तुमच्या गेटवरूनच बायर नेणार) द्यायला सोपं वाटतं पण मग एक्सपोर्ट क्लिअरन्स बायरच्या माणसाच्या हातात जातं, आणि तुमच्या शिपिंग बिलचं प्रूफ मिळवायला त्याच्या मागे लागावं लागतं, तेव्हा नको. एफओबी चांगलं, कंटेनरच्या मालाला नियमाप्रमाणे एफसीए (ठरलेल्या जागी बायरच्या ट्रान्सपोर्टरच्या ताब्यात माल) जास्त योग्य पण बाजारात सगळे एफओबीच बोलतात. बायरने सीआयएफ मागितलं तर फ्रेट आणि इन्शुरन्स तुमचा, इन्शुरन्स कॉन्ट्रॅक्टच्या किमतीच्या ११० टक्क्यांचा काढतात. डीडीपी म्हणजे बायरच्या दारापर्यंत सगळी ड्युटी-टॅक्स भरून, ते नवीन माणसाने घेऊच नये.

हलका माल असणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. पापड, चिवडा, कापडी पिशव्या अशा वस्तू एअरने पाठवताना वजन साइजवरून धरतात. ६० बाय ४० बाय ४० सेंटिमीटरचा बॉक्स, गुणाकार ९६,००० येतो, भागिले ६,००० म्हणजे १६ किलो. बॉक्स काट्यावर ९ किलो भरला तरी पैसे १६ किलोचे. कुरिअरवाले बहुधा ५,००० ने भागतात, मग तर १९ किलोच्या वर. अशा वेळी बॉक्सची साइज दोन इंचांनी कमी केली तरी भाव बदलतो, पॅकिंगवाल्याबरोबर बसून हे एकदा करून घ्याच.

पायरी ५: पैसे कसे येणार ते आधी ठरवा

नवीन बायर, छोटी ऑर्डर: १०० टक्के ॲडव्हान्स मागायला लाजू नका. थोडी मोठी असेल तर ३० टक्के ॲडव्हान्स आणि ७० टक्के बीएलच्या कॉपीवर, हे बाजारात चालतं. याच्यामागचं लॉजिक समजून घ्या, समुद्राने जाणाऱ्या मालाचा ओरिजिनल बीएल तुमच्या हातात आहे तोवर तिकडे माल सुटत नाही, पैसे आले की बीएल कुरिअर करायचा किंवा लाइनला सांगून टेलेक्स रिलीज (ओरिजिनल बीएलशिवाय माल सोडायची परवानगी) द्यायचा. पण एअरने पाठवताना ही पकड नसते, एअरवे बिल मालकीचा कागद नाही, ज्याचं नाव कन्साइनी म्हणून आहे त्याला माल मिळतो. म्हणून एअरला पूर्ण ॲडव्हान्स, किंवा बायरच्या बँकेला विचारून तिच्या नावाने कन्साइन करायचं.

एलसी (बायरच्या बँकेची पैसे द्यायची हमी) आली तर आनंद होतो, पण एलसी म्हणजे पैसे नक्की असं नाही, कागद एलसीत लिहिल्याप्रमाणे असतील तरच पैसे. एलसी आल्या दिवशीच शेवटची शिपमेंट तारीख, एक्स्पायरी, आणि मालाचं वर्णन वाचा. एलसीमध्ये "स्टेनलेस स्टील फ्लँजेस ग्रेड ३०४" असेल तर इनव्हॉइसवर "एसएस फ्लँज" लिहून भागत नाही. वेगळं काही लिहिलेलं नसेल तर शिपमेंटनंतर २१ दिवसांत कागद बँकेत द्यायचे असतात. मी काय करतो सांगतो, टेबलावर एलसीचं प्रिंट मध्ये ठेवतो, एका बाजूला इनव्हॉइस, दुसऱ्या बाजूला पॅकिंग लिस्ट आणि बीएलचा ड्राफ्ट, आणि रूलपट्टी घेऊन एकेक ओळ, नाव, पत्ता, वजन, नगांची संख्या, मार्क्स, टिक करत जातो, आणि हे काम दोन माणसांनी वेगवेगळं करावं. बीएल ड्राफ्ट असताना बदल सहज होतो, एकदा रिलीज झाला की दुरुस्तीचे पैसे आणि दिवस दोन्ही जातात.

उधारीवर द्यायचंच असेल तर आधी ईसीजीसी. १९५७ पासूनची सरकारी कंपनी आहे, मुंबईतच मुख्य ऑफिस, बायर बुडाला किंवा त्या देशात युद्ध, परकीय चलनाची बंदी असं काही झालं तर पॉलिसीप्रमाणे नुकसानाचा मोठा भाग देते. आणि त्यांनी बायरवर लिमिट द्यायला नकार दिला तर ती फुकटात मिळालेली माहिती समजा.

फसवणुकीबद्दल मनापासून सांगतो कारण माझ्या ओळखीतल्या युनिटवर ही वेळ आलीय. बायरबरोबर छान बोलणं चाललेलं, आणि मधेच कोणीतरी मेल हॅक करून बायरला तुमच्या नावाने मेल पाठवतो की आमचा बँक अकाउंट बदललाय, यात पैसे भरा. बायर भरून मोकळा, तुम्ही वाट बघत बसलेले. म्हणून प्रत्येक प्रोफॉर्मा इनव्हॉइसवर ठळक लिहा की बँक डिटेल मेलवर कधी बदलणार नाही, फोन करून खात्री करा. आणि "सरकारी टेंडर मिळालंय, आधी रजिस्ट्रेशन फी भरा" म्हणणारा बायर आला की तिथेच संवाद थांबवायचा. विकणाऱ्याने खरेदीदाराला पैसे पाठवायचा धंदा कुठेच नसतो.

पायरी ६: सॅम्पल, पॅकिंग आणि रवानगी

सॅम्पल पाठवताना एकाच लॉटचे दोन नग काढा, एक बायरला, एक सही-तारीख टाकून तुमच्या कपाटात. लॉट तयार झाला की त्या कपाटातल्या नगाशी ताडून बघायचं. सॅम्पल हाताने घासून-पुसून चकाचक करायचं आणि लॉट नेहमीसारखा द्यायचा, हे केलं की दुसरी ऑर्डर विसरा.

लाकडी पॅलेट किंवा पेटी वापरत असाल तर आयएसपीएम १५ चा (लाकडातली कीड मारल्याची आंतरराष्ट्रीय खूण) स्टॅम्प लागतो. हीट ट्रीटमेंट केलेलं लाकूड, आतपर्यंत ५६ डिग्री तापमान सलग ३० मिनिटं, आणि त्यावर गव्हाच्या लोंबीसारखं चिन्ह, देशाचा कोड आणि एचटी अक्षरं. तुर्भ्याच्या एका युनिटचा माल वेळेत तयार होता, सगळे कागद बरोबर होते, आणि सीएफएसमधून सीएचएच्या पोराचा फोन, "शेठ, चार पॅलेटला स्टॅम्प आहे, दोघांना नाहीये, काय करू?" पॅलेट कमी पडले म्हणून स्टोअरवाल्याने दोन जुने लावले होते. कटऑफ, म्हणजे माल आत द्यायची शेवटची वेळ, संध्याकाळची. गाडीत नवीन पॅलेट टाकून नेले, तिथेच माल बदलून बांधला, तेव्हा कुठे जहाज मिळालं. हाच माल तसाच ऑस्ट्रेलियाला पोचला असता तर तिकडे अडकला असता आणि खर्च आपल्या डोक्यावर आला असता. म्हणून पॅकिंग झाल्यावर प्रत्येक पॅलेटचा स्टॅम्प दिसेल असा फोटो काढायचा, हा नियमच करून टाका. प्लायवूडचं पॅकिंग यात येत नाही, छोट्या मालाला तो पर्याय चांगला.

कंटेनर भरेल एवढा माल नसेल तर एलसीएल, म्हणजे दुसऱ्यांच्या मालाबरोबर एका कंटेनरमध्ये. भाव घनमीटरवर असतो, आणि एक घनमीटर किंवा एक टन, जे जास्त होईल ते धरतात. पूर्ण वीस फुटी कंटेनरचं आतलं माप साधारण ३३ घनमीटर, पण पॅलेटमुळे तेवढं कधीच भरत नाही, हिशोब २५ च्या आसपास धरा. पूर्ण कंटेनरला व्हीजीएम म्हणजे भरलेल्या कंटेनरचं खरं वजन जाहीर करावं लागतं, २०१६ पासूनचा आंतरराष्ट्रीय नियम आहे, वजनकाट्याची पावती जपून ठेवा.

सीएचए निवडताना भाव सगळ्यात शेवटी विचारा. तुमच्या प्रकारचा माल त्याने याआधी काढलाय का, चेकलिस्ट तुम्हाला दाखवून मगच शिपिंग बिल फाइल करतो का, हे आधी. चेकलिस्ट आली की एचएस कोड, एडी कोड, इनव्हॉइसची रक्कम, ड्रॉबॅकचा सिरीयल नंबर, रोडटेप, जीएसटी नंबर स्वतः बघा. तपासणी होऊन एलईओ (कस्टमची माल पाठवायची परवानगी) मिळाला की माल कस्टमच्या बाजूने सुटला.

पायरी ७: शिपमेंटनंतर, जिथे दुसरी ऑर्डर ठरते

माल जहाजावर चढला की बहुतेक जण सुटलो म्हणतात. बायरची काळजी खरं तर इथून सुरू होते. ज्या दिवशी जहाज सुटलं त्या दिवशी त्याला बीएलची कॉपी, इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, टेस्ट सर्टिफिकेट एकाच मेलमध्ये पाठवा, अंदाजे पोचायची तारीख लिहा. जहाज उशिरा चाललंय असं दिसलं तर बायरने विचारायच्या आधी तुम्ही कळवा. माल पोचल्यावर आठवड्याने विचारा, सगळं बरोबर होतं का, पॅकिंग फाटलं का, काही नग कमी निघाले का. तक्रार आली तर फोटो मागवा, कपाटातला नग काढा, बॅच नंबर बघा, आणि चूक आपली असेल तर पुढच्या लॉटमध्ये नग फुकट द्यायचे की क्रेडिट नोट द्यायची ते दोन दिवसांत सांगा. भारतातला छोटा सप्लायर तक्रार आली की फोन उचलत नाही अशी तिकडे काही जणांची समजूत आहे, तुम्ही उचललात की तुम्ही वेगळे.

बँकेकडेही लक्ष ठेवा. प्रत्येक शिपिंग बिल बँकेच्या सिस्टिममध्ये उघडं दिसतं, पैसे आले की ते त्या बिलाशी जुळवून बंद करून घ्यावं लागतं, आणि ई-बीआरसी (पैसे आल्याचा दाखला) काढावं लागतं. पैसे आणायची मुदत आधी ९ महिने होती, नोव्हेंबर २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने ती १५ महिने केली, तरी तुमच्या बिलाला काय लागू आहे ते बँकेकडून लेखी घ्या. बँक चार्जेस कापून रक्कम थोडी कमी येते म्हणून बिल अर्धवट उघडं राहतं, असं खूप दिसतं, तेही बंद करून घ्या. जीएसटी रिटर्नमध्ये शिपिंग बिल नंबर, तारीख, पोर्ट कोड जसाच्या तसा टाका, एक आकडा चुकला की रिफंड अडकतो.

दुसरी ऑर्डर आली की मग पुढचं करा. बँकेकडे पॅकिंग क्रेडिट (ऑर्डरवर माल बनवायला मिळणारं कर्ज) मागा, हातात रिपीट ऑर्डर असली की मॅनेजरचा सूर बदलतो. ऑफिसात एक माणूस फक्त एक्सपोर्टसाठी ठेवा, कॉमर्स शिकलेली स्थानिक मुलगी किंवा मुलगा, ज्याला इंग्रजी मेल नीट लिहिता येतो आणि आकडे चुकत नाहीत, पुढच्या शिपमेंटला त्याला सीएफएसला सोबत न्या, स्टफिंग बघू दे. त्याच बायरला विचारा की अजून काय घेता, बहुतेक वेळा तुमच्या चाळीस वस्तूंमधली दुसरी वस्तू तिथेच लागते. दुसरा देश त्यानंतर, आणि तिथे एचएस कोडचे सहा आकडे तेच राहिले तरी पायरी १ मधले नियम पुन्हा पहिल्यापासून बघायचे.

भिंतीवर कॅलेंडर असेल तर त्यावर दोन खुणा करून ठेवा. मार्चमध्ये पुढच्या आर्थिक वर्षाची एलयूटी भरायची. आणि एप्रिल ते जून या तीन महिन्यांत डीजीएफटीच्या साइटवर जाऊन आयईसी अपडेट करायचा, काहीही बदललेलं नसलं तरी कन्फर्म करायचा, नाहीतर तो डीॲक्टिव्हेट होतो आणि नेमका माल सीएफएसला लागलेला असताना ते लक्षात येतं.